दिवसाचं नाटक

संध्याकाळ झाली की आमच्या वृद्धाश्रमातले सगळे म्हातारे दुसऱ्याच एका वृद्धाश्रमात जाऊन बसत. तो टीव्हीत होता. तिथल्या भिंतींना फिक्कट पिवळा रंग होता, अंगणात गुलाब होते, तिथली व्यवस्थापिका तरणीताठी आणि मायाळू होती, आणि आचारी सारखा कशावरून तरी घसरून पडे. म्हातारे एकमेकांचे दात लपवत, रुसत, प्रेमात पडत, आणि भाग संपता संपता कोणीतरी असं काही बोले की आमच्या हॉलमध्ये पदर डोळ्यांना लागत. मला त्या मालिकेचा राग येई. त्या म्हाताऱ्यांना गुडघे नव्हते, कोणाला बोलता बोलता लघवीला उठावं लागत नव्हतं. मी हे मोठ्यानं म्हणे आणि सगळे मला गप्प करत. उभा जन्म मी शाळेत पोरांना गप्प बसवलं, ते म्हातारपणी असं फिटलं. तरी रोज सगळ्यांच्या आधी जाऊन समोरची खुर्ची मीच धरून ठेवी, हेही सांगून टाकते.

आमचा आश्रम चंद्रपूरहून मूलकडे जाणाऱ्या रस्त्याच्या एका आतल्या फाट्यावर आहे. पुढे धानाच्या बांध्या, मागे सागवान, त्याच्याही मागे नाला. मी इथे आपल्या पायांनी आले. नवरा बल्लारपूरला नोकरीत होता, तो गेला. लेक पुण्याला, जावई भला माणूस. पण लेकीच्या घरी जन्मभर पाहुणी म्हणून राहणं मला जमणारं नव्हतं. त्यामुळे मला कोणी वाट पाहायला लावत नव्हतं, आणि मीही कोणाची पाहत नव्हते. वाट पाहायची ती माझ्या खोलीतली दुसरी बाई.

ती सिंदेवाहीकडच्या एका खेड्यातली. हाडं मोजून घ्यावीत अशी बारीक, आणि बोलणं त्याहून बारीक. मुलानं तिला इथे आणून सोडलं तेव्हा सांगितलं होतं, धान चुरणं झालं की नेतो. धान चुरून झालं, पुढच्या वर्षीची मळणीही झाली. ती त्याला कधी वाईट बोलली नाही. "कामात हाय तो," एवढंच म्हणायची. मला ते ऐकून चीड येई, त्याची नाही, तिची. मग रात्रीचं तिचं पांघरूण सरकलं की मीच उठून नीट करी.

त्या मालिकेत एक बाई होती, जी फाटकाजवळच्या बाकावर बसून मुलाची वाट पाही. तिच्यावर विनोदही होत. पोस्टमन आला, गॅसवाला आला, तरी ती "आला का?" म्हणून उठे, आणि हॉलमध्ये हशा पिके. माझी खोलीतली मैत्रीणही हसायची. हसून हसून एकदा माझ्या कानाशी म्हणाली, "बाई, हे तं मीच हाय." आमच्याकडे प्रत्येकानं आपापला माणूस त्या मालिकेत निवडून ठेवलाच होता. रुसकं म्हातारं कोण, खादाड कोण, यावरून जेवताना भांडणं होत. मला सगळ्यांनी मिळून तिथली खडूस बाई दिली होती. माझ्या मैत्रिणीनं मात्र आपली बाई स्वतः निवडली, आणि ती निवड खेळापुरती नव्हती हे मला उशिरा कळलं.

त्या हिवाळ्यात नाल्यावर वाघीण पिल्लं घेऊन आली. पलीकडच्या गावची एक बाई सरपणाला गेली ती परत आली नाही. हे दूधवाल्यानं सांगितलं. तिचं नाव त्यानं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. मग वनरक्षक आला, मॅनेजरला म्हणाला, दिवस कलला की फाटकाबाहेर कोणी दिसलं नाही पाहिजे. मॅनेजर तसा डरपोकच. त्यानं फाटकाला दुसरं कुलूप आणलं. आमचा चौकीदार जंगलातल्या गावचा, तो वाघाला वाघ म्हणतच नाही, जनावर म्हणतो. "जनावर हाय, बाई," तो सांगे आणि माझ्याकडे न पाहता मागच्या सागवानाकडे पाही. दुपारी वानरं झाडावर अचानक खाकरायला लागली की आमच्यातले ऐकू न येणारेही मान वर करत. सगळ्यांची झोप उडाली होती. कोणी कबूल करत नव्हतं इतकंच.

आणि त्याच दिवसांत मालिकेतली ती बाई मेली. संध्याकाळचं ऊन दाखवलं, बाक दाखवला, ती बसल्या बसल्या एका बाजूला कलली. मुलगा दुसऱ्या दिवशी आला. त्यानंतर जाहिरात लागली तरी आमच्या हॉलमध्ये कोणी हललं नाही. मी रागानं म्हटलं, "पैसे संपले असतील तिला द्यायला, म्हणून मारली." कोणी हसलं नाही. माझी मैत्रीण खोलीत आली, पाणी प्याली आणि म्हणाली, "तिचं झालं. आता माहं."

"काहीतरी बरळू नका," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं जेवण टाकलं. टाकलं म्हणजे ताटावर बसे, भात कालवी, आणि तसंच ताट मोरीपाशी नेऊन ठेवी. मॅनेजरनं डॉक्टर बोलावला. डॉक्टर म्हणाला, रोग काही नाही. मी तिला दटावलं, "काऊन जेवत नाई?" असं तिच्याच बोलीत विचारलं, एकदा तर घास भरवायलाही गेले. "भूक नाई लागून राह्यली जी," ती म्हणे, आणि उठून फाटकाजवळच्या सिमेंटच्या ओट्यावर जाऊन बसे. मालिकेतल्या बाकासारखाच ओटा, मालिकेतल्यासारखंच ऊन. मला भीती वाटत होती. वाघिणीची वाटली नाही इतकी त्या ओट्याची वाटत होती.

आमच्यात एक जुना नट होता. इकडच्या झाडीपट्टीतल्या नाटककंपन्यांमध्ये त्यानं जन्मभर खलनायक केले. गावोगावच्या बाया त्याला खऱ्या शिव्या देत, याचा त्याला अजून अभिमान. तो एका सकाळी माझ्याकडे आला आणि खाली बसत म्हणाला, "बाई, शेवट बदलवू आपण."

"कशाचा?"

"त्या बाईचा. आमच्या झाडीत काय होते, गावाले शेवट नाई पटला तं गाव पडदा पडू देत नाई. मी किती बार मेलो ना स्टेजवर, लोकायनं वन्समोअर म्हणून उठवलं मले. हेच नाटक करू. पोरगा टाइमावर येते, मायले घरी नेते, पडदा. आपल्या हातानं केलं का तिच्या मनातून ते निघून जाईन."

मला ते पटलं. आता विचार करते तेव्हा वाटतं की मीच जरा थांबून पाहायला हवं होतं, पण त्या वेळी तिचं ताट परत जाताना पाहून पाहून मी कशालाही हो म्हटलं असतं. मॅनेजरही तयार झाला. फक्त त्याची अट होती, नाटक दिवसा, आणि सूर्य खाली जायच्या आत पाहुणे आपापल्या रस्त्याला. नटानं कपाळाला हात लावला. आयुष्यात त्यानं दिवसाचं नाटक केलं नव्हतं. "उन्हात पेट्रोमॅक्स लावल्यासारखं दिसन," तो म्हणाला, पण लागला कामाला.

माझ्या मैत्रिणीला त्या वाट पाहणाऱ्या बाईचंच काम दिलं. बसायचं, आणि शेवटी उठून जायचं. मुलाचं काम नटानं स्वतः घेतलं, कारण बाकीच्यांना पाठ होईना. मी पडद्याआडून वाक्यं सांगायला. ही गोष्ट तिला सांगितली तेव्हा तिचा चेहरा इतका उजळला की मी आणि नटानं एकमेकांकडे पाहून मान हलवली, औषध लागू पडलं म्हणून. त्या दुपारी ती दोन घास जेवली. मग हात धुऊन मला म्हणाली, "तं मंग आता तो येते."

"कोण?"

"पोरगा जी. नाटक हाय म्हणल्यावर सोयरा घरी बसते का?"

मी शहरात वाढलेली, मला हे आधी कसं सुचावं? पण नट तर त्याच मातीतला, त्यालाही सुचलं नाही. झाडीत गावात नाटक ठरलं की घरोघर सोयऱ्यांना सांगावा जातो. भांडलेला भाऊ येतो, सासरी गेलेली लेक येते, वर्षभर तोंड न दाखवलेला जावई येतो, सोयरिकी जमतात, रुसवे निघतात. नाटकाचं बोलावणं कोणी मोडत नाही. आम्ही तिला गोष्टीतला मुलगा द्यायला निघालो होतो, आणि ती खऱ्या मुलाच्या तयारीला लागली होती. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

नटाला मी आडबाजूला घेऊन झापलं. त्याचं तोंड उतरलं. "बलावणं तं धाडून पाहू, बाई," तो म्हणाला. "आलाच तं?" मॅनेजरनं फोन लावला. मुलगा म्हणाला, "पाहतो." तिला तेवढं पुरलं. रोज ती मला विचारी, त्याला भाजी कोणती करायची, रात्री थांबला तर निजवायचं कुठी. वांग्याची भाजी आणि लाखोळीचं वरण त्याला आवडतं हे आश्रमाच्या स्वयंपाकिणीला तिनं जाऊन सांगितलं. ती आता पोटभर जेवत होती आणि मला तिच्या ताटाकडे पाहवत नव्हतं. तो आला नाही तर हे जेवण तिचं शेवटचं ठरेल, असं माझ्या मनानं घेतलं होतं. हे मी कोणाला बोलले नाही.

नाटकाच्या दिवशी सकाळी धुकं होतं आणि नाल्याच्या बाजूला भेकर भुंकत होतं. चौकीदार म्हणाला, जनावर जवळ आहे. पण पाहुणे यायला लागले आणि आम्ही ते विसरलो. कोणाचा पुतण्या आला, कोणाची लेक टमटम करून पोरांसकट आली, वाढदिवसाला फळं वाटून फोटो काढणारी एक मंडळीही आली. अंगणात ताडपत्री आणि खुर्च्या. माझ्या मैत्रिणीनं पुढच्या ओळीतल्या एका खुर्चीवर आपला धुतलेला टॉवेल पसरून ठेवला. झाडीत नाटकाची जागा अशीच धरतात. ज्यानं त्या खुर्चीला हात लावला त्याला ती म्हणे, "हे जागा हाय जी, येऊन राह्यला तो." मॅनेजरनं परत फोन लावला. फोन बंद लागत होता. मी मॅनेजरला सांगितलं, तिला काही सांगू नका.

नाटक छान झालं, म्हणजे काहीच्या काही झालं. खादाडाचं काम करणाऱ्या म्हाताऱ्यानं खरा लाडू खाल्ला आणि त्याचे दात लाडवात अडकले. रुसणारा म्हातारा रुसून बसला तो तिथेच झोपी गेला, त्याला उचलून आत न्यावं लागलं. लोक पोट धरून हसले. मीही पडद्याआड हसले, मग बाहेर डोकावले तेव्हा टॉवेल तसाच पसरलेला दिसला आणि माझं हसू जिरलं. ती ओट्यावर बसली होती. हा प्रवेश आम्ही मुद्दाम फाटकाजवळच्या त्या खऱ्याच ओट्यावर बसवला होता, नटाची हौस. ऊन उतरत होतं. सगळं टीव्हीत पाहिलं होतं तसं, आणि ती किंचित एका बाजूला कललेली.

नट आला. तोंडाला रंग, डोक्याला टोप, आणि वयानं तिच्याहून मोठा मुलगा. पण आवाज काय लावला त्यानं. "माय, चाल. घरी चाल."

ती उठली. ओट्यामागे हात घालून तिनं एक गाठोडं काढलं. ते आम्ही तिला दिलेलं नव्हतं. आम्ही ठरवलं होतं की दोघांनी चादरीच्या पडद्यामागे जायचं. तिनं नटाचा हात धरला आणि ती फाटकाकडे वळली. लोक टाळ्या वाजवत उभे राहिले. चौकीदारही टाळ्या वाजवत होता, त्याला वाटलं हे असंच आहे, आणि त्यानं फाटक उघडून दिलं. नटानं एकदा मागे पाहिलं असेल नसेल. जन्मभर त्यानं प्रेक्षकांसमोर सोंग टाकलं नव्हतं, ते आता तरी कसं टाकणार? तो तिच्यासोबत बाहेर पडला.

मी काठी घेतली आणि मागे गेले. पाहुण्यांना वाटलं मीही नाटकातच आहे, माझ्यासाठीही टाळ्या वाजल्या. रस्त्यावर कोणी नव्हतं. दोन्ही बाजूंनी सागवान, त्याची मोठाली वाळलेली पानं एकेक करून खाली पडत होती, आणि प्रत्येक पान पडलं की मला वाटे कोणीतरी पाऊल टाकलं. पुढे वळणावर वानरं खाकरायला लागली. तरी माझी मैत्रीण थांबली नाही. सरळ तिच्या गावाच्या दिशेनं चालली होती, नटाला ओढत. मी हाका मारल्या. शेवटी नटानंच पाय रोवले. मी जवळ गेले तर रंगाखाली त्याचा चेहरा भ्यालेला होता, गावंच्या गावं घाबरवणाऱ्या माणसाचा.

"बाई, सपलं ना आता," तो तिला म्हणत होता. "मी तो नोय."

"मले मालूम हाय," ती म्हणाली. अगदी शांत. "मी का येडी हाव? तुम्ही नाई ना जी माहे पोरगे. पण चाल म्हणणारं दुसरं कोण भेटलं मले? तुम्ही म्हणलं, म्हणून निंगाली."

मी रस्त्यातच तिचा दंड धरून उभी राहिले. वानरं अजून खाकरत होती. मग वळणापलीकडून मोटारसायकलचा आवाज आला.

तोच होता. मफलर गुंडाळलेला, धुळीनं भरलेला. नाक्यावर जंगलखात्याच्या लोकांनी थांबवून ठेवलं होतं, फोनची बॅटरी गेली होती, असं तो गाडी बंद न करताच सांगायला लागला. "सपलं का नाटक?" त्यानं विचारलं. मी तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा मी विसरणार नाही. आला होता तो. खरंच आला होता. नाटकाचं बोलावणं त्यानं मोडलं नव्हतं.

मग त्याची नजर गाठोड्यावर गेली.

मी शाळेत पोरांचे चेहरे वाचण्यात जन्म घालवला. तो वाईट पोरगा नव्हता. पण गाठोडं दिसताच तो घाबरला, वाघिणीला घाबरला नसेल इतका. त्यानं आभाळाकडे पाहिलं, मागच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं, आणि नजर कुठे ठेवावी हे न कळून माझ्याकडे पाहिलं. "माय, तू... इथी रस्त्यावर..." तो म्हणाला. हे मी पाहिलं, नटानं पाहिलं, आणि तिनंही पाहिलं.

"हे?" ती म्हणाली आणि गाठोडं जरा वर उचललं. "हे नाटकातलं हाय, बापा. तुले पाह्याले नाई भेटलं. लय मजा आली. जा तू आता, अंधार होऊन राह्यला. जनावर हाय रस्त्यानं."

"जेवून जा," मी म्हटलं. माझा आवाज चिरका निघाला. "तुमच्यासाठी भाजी केली आहे."

"नाई नाई, जाऊ द्या त्याले," ती माझ्यावरच खेकसली. तिला खेकसताना मी पहिल्यांदा ऐकलं. मग पुढे होऊन तिनं त्याच्या मफलरचं सुटलेलं टोक गळ्याभोवती खोचलं. "पोचल्यावर मॅनेजर साहेबाच्या फोनवर सांग." त्यानं मान हलवली. गाडी वळवली. वळवताना त्याचे खांदे सैल पडलेले मला दिसले. वळणावर गाडीचा लाल दिवा दिसेनासा झाला तरी ती आवाज ऐकत उभी होती, आणि तो आवाज पूर्ण जाईपर्यंत आम्हीही हललो नाही.

फाटकातून मॅनेजर हाका मारत धावत येत होता. नटानं डोक्यावरचा टोप काढून खिशात कोंबला. चालताना तिचा तोल जाऊ लागला म्हणून मी तिच्या हातातलं गाठोडं घेतलं. मला वाटलं होतं, चार चिंध्या बांधून आणल्या असतील. ते उचलून धरायला मला दोन्ही हात लागले. तिची लुगडी, पितळी गडू, हिवाळ्याची गोधडी, नवऱ्याचा फोटो, तिचं होतं नव्हतं ते सगळं त्यात होतं.